स्कॉटिश वारशाचा पुरस्कार: चषक एकाला नको, जोडीला द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: पर्थशायरमधल्या एका छोट्या गावात आठ वर्षं राहणाऱ्या एका मराठी ताईंवर तिथल्या कम्युनिटी कौन्सिलनं ‘स्कॉटिश वारसा पुरस्कार’ सुरू करायची जबाबदारी टाकली आहे. तो कोणाला द्यायचा, निवड कशी करायची, सोहळा कसा करायचा, आणि मुळात ‘आपण बाहेरचे, हे ठरवणारे आपण कोण?’ असं त्या विचारतात. मी स्कॉटलंडमध्येच अशा एका गावपातळीवरच्या पुरस्काराचा सोळा वर्षं सचिव होतो आणि इतर काही ठिकाणी परीक्षक म्हणून बसलो आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. तुम्हाला हे काम बहुधा तुम्ही गावात कोणाच्याच चुलत-मावस नात्यात नाही म्हणून दिलं असणार. छोट्या गावात हे मोठं भांडवल आहे. मी नागपूरचा, हिस्लॉप कॉलेजात शिकलो. तेव्हा हिस्लॉप म्हणजे कोणी एक गोरे पाद्री, एवढंच ठाऊक होतं. इथे आल्यावर कळलं की स्टीफन हिस्लॉप बेरिकशायरमधल्या डन्स गावचे. 1863 साली नागपूरजवळ टाकळघाटच्या बाजूला पुराच्या पाण्यात बुडून गेले. समितीच्या पहिल्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, ‘म्हणजे तू आमचाच की!’ तसं काही नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण खुर्ची मिळाली. तुम्हाला खुर्ची मिळालेलीच आहे. आता ‘मी कोण’ हे सोडा आणि नियमांकडे या.

पहिला वाद पात्रतेवर होईल. कोणीतरी म्हणेल, पुरस्कार ‘स्कॉटिश कुळातल्या’ माणसाला द्या. हे तिथल्या तिथे थांबवा. आडनावावरून वारसा ठरवायला गेलात तर अर्धं गाव बाहेर पडेल. शिवाय आज ज्याला सगळे ‘पुरातन’ समजतात त्यातलं बरंचसं तेवढं जुनं नाही. राजा चौथा जॉर्ज 1822 साली एडिनबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं आखलेल्या सोहळ्यात सगळ्यांना टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचं लोकरी कापड, चढवलं गेलं. त्याआधी सखल भागातले लोक ते डोंगराळ लोकांचं कापड म्हणून नाकं मुरडायचे. आणि डोंगराळ भागातही 1746 च्या कायद्यानं पुरुषांना हा पोशाख घालायची बंदी होती, ती 1782 मध्ये उठली. (त्या कायद्यानं बॅगपाइपवरही बंदी आली, असं तुम्हाला प्रत्येक समारंभात कोणीतरी सांगेल. कायद्यात पाइपचं नाव नाही. वाद घालू नका, सूप गार होतं.) तेव्हा नियम एवढाच ठेवा: माणूस या परिसरात राहणारा असावा आणि ती कला, भाषा किंवा रीत स्वतः करणारा असावा. ब्रिटनमधल्या धोक्यात आलेल्या हस्तकलांच्या यादीत हातशिलाईचा किल्टही, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा घागराही, आहे. उद्या तुमच्याकडे एखादा पंजाबी शिंपी त्या आठ वार कापडाच्या चुण्या हातानं घालत असेल, तर तो वारसदार आहे. मॅकडोनाल्ड आडनावाचा, पण किल्ट भाड्यानं आणणारा माणूस त्या बाबतीत नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल. पहिल्या वर्षी आम्ही लोकांकडून इंटरनेटवर मतं मागवली. लोकशाही वगैरे. गावातल्या पाइप बँडमध्ये चाळीसेक मुलं. त्यांचे आई-वडील, आजी-आजोबा, ऑस्ट्रेलियातल्या मावश्या. बँडला मतांचा पाऊस पडला. कोरड्या दगडी भिंती, म्हणजे इथे ज्यांना ‘डाइक’ म्हणतात त्या, चुना-सिमेंट न लावता रचणाऱ्या माणसाला अकरा मतं मिळाली. बँड चांगलाच होता, प्रश्न तो नाही. पण बँडला पुरस्काराची गरज नव्हती, आणि भिंतवाल्याकडे शिकायला आलेला मुलगा त्याच हिवाळ्यात काम सोडून गेला. मतदान ज्यांना चाहते आहेत त्यांना शोधतं, आणि आपल्याला चाहते नसलेली माणसं शोधायची असतात. मोठ्या, देशपातळीवरच्या पुरस्कारांत लोकांची मतं चालतात. 2003 पासून दरवर्षी दिल्या जाणाऱ्या स्कॉट्स ट्रॅड म्युझिक अवॉर्ड्समध्ये लोक नावं सुचवतात, मतं देतात, त्यातून पारंपरिक संगीताची भरपूर चर्चा होते. त्यांचा हेतू वेगळा आहे. गावात हेच केलंत तर सर्वात मोठं कुटुंब जिंकेल.

दुसऱ्या वर्षी परीक्षक मंडळ नेमलं आणि दुसरी चूक केली. एक गृहस्थ मेंढपाळाच्या काठ्या करायचे. हिवाळ्यात हेझेलची काठी तोडून वर्षभर आणि जास्तही वाळवायची, मेंढ्याचं शिंग तापवून दाबून वळवायचं, आणि मूठ अशी घासायची की हात फिरवल्यावर सांधा कुठे आहे ते लागू नये. आम्ही एकमतानं त्यांना निवडलं, बातमी दिली, आणि त्यांनी नाही म्हणून कळवलं. मी घरी गेलो. रुसवा-फुगवा काही नव्हता. ते म्हणाले, ‘ज्यानं मला शिकवलं तो अजून जिवंत आहे, वरच्या ग्लेनमध्ये, म्हणजे दरीत, राहतो. त्याच्या आधी मी कसा घेऊ?’ थोडं थांबून म्हणाले, ‘आणि माझ्याकडे आता एक मुलगी शिकते. तिचं काय?’

त्या स्वयंपाकघरात आमचा पुरस्कार खऱ्या अर्थानं ठरला. तेव्हापासून आम्ही तो एका माणसाला देत नाही, शिकवणारा आणि शिकणारा अशा जोडीला देतो. तुम्हालाही माझं सांगणं हेच आहे, बाकीचे नियम यातूनच निघतात. शिष्य नसेल तर? तर समितीनं तो शोधून द्यायचा, आणि पुरस्काराची रक्कम त्या शिकवणीवर खर्च करायची. दोन वेळा आम्ही असं केलं. एकदा जमलं, एकदा नाही.

हे केवळ भावनेपोटी सांगत नाही. स्पर्धा आणि बक्षिसं यांचा स्कॉटलंडला अडीचशे वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: बक्षीस जे मोजतं ते टिकतं, जे मोजत नाही ते गळून पडतं. पिब्रॉखचं उदाहरण घ्या. बॅगपाइपवरचं हे संथ, भारदस्त संगीत. आधी मूळ धून, मग तिचे एकाहून एक गुंतागुंतीचे विस्तार, आणि शेवटी पुन्हा मूळ धून. आपल्याकडचा विलंबित ख्याल ऐकलेल्या कानाला ते लवकर पटतं. हे संगीत कागदावरून शिकवत नसत. गुरू तोंडानं बोल म्हणायचा, ‘हिहारिन’, ‘हिओदिन’ असे, आणि शिष्य ते बोल घोकून पाइपवर उतरवायचा. या बोलांच्या पद्धतीला ‘कॅनटरॅख्ट’ म्हणतात. तबल्याचे बोल ज्यांनी हातावर टाळी देत पाठ केले आहेत त्यांना वेगळं समजवायला नको. स्काय बेटावर मॅकक्रिमन घराणं मॅकलाउड सरदारांचे पाइपर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हेच करत होतं. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरला.

1746 मध्ये डोंगराळ भागातलं बंड मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईनंतर सरदारांची सद्दी संपली, तसा आश्रयही संपला. 1778 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या हायलँड सोसायटीनं 1781 साली फॉल्कर्कच्या गुरांच्या बाजारात पिब्रॉखची पहिली स्पर्धा भरवली. मग स्पर्धा एडिनबरोला गेली. पुढे धुना पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढणाऱ्यांना सोसायटीनं बक्षिसं दिली; 1838 मध्ये अँगस मॅके यांचा संग्रह छापून आला; 1903 मध्ये पिब्रॉख सोसायटी निघाली आणि तिच्या छापील प्रती स्पर्धेसाठी प्रमाण ठरल्या. या बक्षिसांनी पिब्रॉख जगवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ओबन आणि इन्व्हर्नेस इथली सुवर्णपदकं आजही पाइपरच्या आयुष्यातला कळस मानली जातात. पण परीक्षकाच्या मांडीवर पुस्तक आलं की पुस्तकाबाहेरचं वाजवणारा हरतो. वेगवेगळ्या गुरूंची वेगवेगळी वळणं आक्रसत गेली, जुनी हस्तलिखितं धुंडाळून ती परत वाजवायचा खटाटोप अलीकडे काहीजण करताहेत. बंदिशीचं नोटेशन हातात आलं म्हणून गायकी हातात येत नाही, हे आपण जाणतोच.

गॅलिक, म्हणजे डोंगराळ भागातली आणि बेटांवरची जुनी भाषा. तिच्यातल्या गाण्याचंही थोड्याफार फरकानं तेच झालं. 1891 मध्ये ओबनला ‘आन कोमुन गायलाख’ ही संस्था निघाली, आणि पुढच्याच वर्षी तिथेच पहिला मॉड भरला. वेल्समधल्या आयस्टेथवडच्या धर्तीवरचा हा भाषा आणि गाण्यांचा मेळा. अजूनही दर ऑक्टोबरात गाव बदलून भरतो. 2023 मध्ये पेझ्लीला होता, 2024 मध्ये ओबनला. गॅलिकला एक मोठं, मानाचं व्यासपीठ यातून मिळालं. पण बराच काळ तिथे पियानोच्या साथीनं, मैफलीच्या घोटीव आवाजात गाणाऱ्याला पदक मिळायचं. चुलीशी बसून आजीनं म्हटलेल्या ढंगाला त्या गुणपत्रिकेत रकानाच नव्हता. नंतर पारंपरिक ढंगासाठी वेगळं सुवर्णपदक ठेवावं लागलं. याउलट 1981 साली बारा बेटावर पहिली ‘फेश’ झाली, तिथे स्पर्धा नव्हतीच. मुलांना वाद्यं, गाणी, नाच स्थानिक लोकांकडून शिकवायची, बस्स. त्यातून फेशांची चळवळ देशभर पसरली, आणि आजचे कितीतरी नावाजलेले वादक त्या शिबिरांतूनच आले. म्हणून माझं मत असं झालंय की गावच्या पुरस्कारानं पदकापेक्षा शिबिराच्या बाजूला झुकावं.

तुमचं पर्थशायर तर या बाबतीत श्रीमंत आहे. ब्लेअरगावरीच्या रासबेरीच्या मळ्यांत फळं तोडायला फिरस्ते ‘ट्रॅव्हलर’ लोक येत. एडिनबरो विद्यापीठात 1951 मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं, आणि तिथले लोकगीतांचे संग्राहक हॅमिश हेंडरसन टेपरेकॉर्डर घेऊन त्या मळ्यांतल्या तंबूंमध्ये जाऊन बसू लागले. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं त्यांच्याकडे शेकडो वर्षांची गाणी आणि कथा निघाल्या. ब्लेअरगावरीच्या ट्रॅव्हलर गायिका बेल स्ट्युअर्ट यांना पुढे 1981 साली ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. अॅबर्डीनच्या गायिका जीनी रॉबर्टसन यांना त्याआधी 1968 मध्ये एमबीई हा सरकारी किताब. अशा माणसांना इथे ‘परंपरा वाहणारे’ म्हणतात. तुमच्या अर्जांच्या गठ्ठ्यात ट्रॅव्हलर कुटुंबातलं एकही नाव नसेल, तर समजा अर्ज योग्य दारापर्यंत पोचलेला नाही.

का पोचत नाही, ते सांगतो. अर्ज इंग्रजीत असतो आणि त्यात ‘समाजावरील प्रभाव 300 शब्दांत’ असलं काहीतरी लिहायला सांगतात. निवृत्त मुख्याध्यापक ते झकास भरतात. गायीगुरांच्या गोठ्यातून आलेला माणूस पेन खाली ठेवतो. 2022 च्या जनगणनेत 46 टक्क्यांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स, म्हणजे इथली इंग्रजीच्या जवळची भाषा, थोडीफार तरी येते असं सांगितलं, पण त्यातल्या कित्येकांना ती ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हणून शाळेत बोलणी खावी लागलेली आहे. आपल्याकडे मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरांना जे ऐकावं लागलं, तेच. आता 2025 च्या भाषाविषयक कायद्यानं गॅलिक आणि स्कॉट्स या दोन्हींना अधिकृत दर्जा दिला आहे, पण कायदा झाला म्हणून जिभेवरची भीड जात नाही. आम्ही फोनवर बोलून किंवा आवाज रेकॉर्ड करून नाव सुचवायची सोय केली. गॅलिक, स्कॉट्स, इंग्रजी, काहीही चालेल. त्या वर्षी सर्वात चांगली शिफारस एका ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यानं चार मिनिटांत बोलून दिली होती, आणि ती मला दोनदा ऐकल्यावर कळली. तुम्हीही दोनदा ऐका, लाजू नका. अर्जात प्रश्न तीनच ठेवा: काय करतात, कोणाकडून शिकले, कोणाला शिकवतात.

आणि ज्याचं नाव सुचवलंय त्याची संमती आधी घ्या. काठीवाल्या गृहस्थांनी मला दारातून हाकललं नाही हा त्यांचा चांगुलपणा.

परीक्षक पाच पुरेत. एक बाहेरगावचा, एक पंचविशीच्या आतला. ज्याचा नातेवाईक किंवा शेजारी यादीत आहे त्यानं उठून बाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. छोट्या गावात कधी पाचपैकी तिघं बाहेर जातात, मग चहा होतो आणि बैठक पुढे ढकलली जाते. चालतं. मात्र परीक्षकांनी कागद वाचून ठरवू नये, प्रत्यक्ष जाऊन बघावं. भिंत हातानं चाचपावी, शिकवणीच्या खोलीत मागे बसावं.

चषकाबद्दल: क्वेख घ्या. दोन कानांचा उथळ पेला. पाहुण्याला दोन्ही हातांनी देतात, तो दोन्ही हातांनी घेतो. चांदीच्या मागे लागू नका. गावातल्या लाकूड कातणाऱ्याकडून करून घ्या, दरवर्षी नवा, म्हणजे विमा उतरवा, परत मागा, ‘मागच्या विजेत्यानं कुठे ठेवला’ ही कटकट नाही. रक्कम पाहुणचारात उडवू नका. ती शिष्याच्या प्रवासाला, शिंगाला, लोकरीला, वाद्याच्या भाड्याला जाऊ द्या, आणि वर्षानं दोघांनी गावच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ काय शिकलं ते दाखवावं, एवढीच अट.

तारीख 30 नोव्हेंबरच्या आसपासची धरा. स्कॉटलंडच्या संरक्षक संताचा, सेंट अँड्र्यूजचा, दिवस असतो आणि शेतकऱ्यांना थोडी उसंत असते. 25 जानेवारीच्या आगेमागे अजिबात नको. कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीच्या जेवणांमुळे एकही पाइपर मोकळा सापडत नाही. एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा तर निम्मे सत्कारमूर्ती कुरणात असतात. शिफारशी ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीपर्यंत घ्या. बटाटे काढायला मुलांना सोडत म्हणून तिला अजून ‘टॅटी हॉलिडेज’ म्हणतात.

सोहळा म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण येतं. इथलं रूप वेगळं: टेबलांवर पांढरे कापड, महागडं तिकीट, तीन पदार्थांचं जेवण. दोन्हींत ज्याचा सत्कार तोच अवघडून बसतो. केयली ठेवा. या गॅलिक शब्दाचा मूळ अर्थच शेजाऱ्याकडे गप्पा-गाण्याला जाणं. हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावा, स्टोव्हीज (बटाट्याचा रस्सा) किंवा कलन स्किंक (धुरावलेल्या माशाचं सूप) करा, शेवटी टॅब्लेटच्या वड्या. (आपल्या दुधाच्या वडीची ही सख्खी बहीण. पहिल्या वर्षी बायकोनं नारळाच्या वड्या नेल्या होत्या, त्या आधी संपल्या.) पुरस्कार मध्येच, दोन नाचांच्या दरम्यान, पाच मिनिटांत द्यायचा आणि लगेच ‘स्ट्रिप द विलो’ हा जोरकस सामूहिक नाच. गुरू ऐंशीचा असेल तर नाच हळू घ्यायला वादकांना आधी सांगून ठेवा.

एक नाजूक गोष्ट. वारसा म्हणजे फक्त अभिमानाच्या गोष्टी नव्हेत. ग्लासगोचे बडे व्यापारी वेस्ट इंडिज आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झाले. ग्लासगोच्या नगर परिषदेनं 2022 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्या मुंबई-नागपूरच्या संस्थांवर स्कॉटिश नावं आहेत तीही निव्वळ परोपकारातून आलेली नाहीत आणि निव्वळ लुटीतूनही नाहीत. तुमच्या गावातल्या एखाद्या हवेलीचा पैसा कुठून आला हे दप्तरं चाळून शोधणारी बाई असेल, तर तिचं कामही या पुरस्काराच्या कक्षेत धरा. आमच्याकडे यावर दोन सदस्यांनी राजीनामे दिले, एक परत आले. तसंच जुन्या रीतींमधून कोणाला बाहेर ठेवलं गेलं तेही बघा. शेटलंडमधल्या लर्विकच्या ‘अप हेली आ’ या अग्निउत्सवात मशालधारी पथकांत बायकांना 2023 पासून जागा मिळाली. त्यानं उत्सव बुडाला नाही.

निधीसाठी कौन्सिलच्या छोट्या अनुदानापासून सुरुवात करा आणि पहिली तीन वर्षं कोणाही मद्य कंपनीला नाव लावू देऊ नका. पैसा सोपा असतो, पण मग फोटोत पिंप येतं, आणि दोन वर्षांनी पुरस्कार त्यांच्या नावानं ओळखला जातो.

पुरस्कार एकच ठेवा. ‘संगीत’, ‘हस्तकला’, ‘भाषा’, ‘युवा’ असे विभाग पाडायचा मोह होईल. हजारभर वस्तीच्या गावात तिसऱ्या वर्षी दोन विभागांत अर्जच येत नाहीत आणि मग ओळखीच्यांना आग्रह करून भरवावे लागतात. ज्या वर्षी योग्य जोडी सापडणार नाही त्या वर्षी देऊ नका, नुसती केयली करा. ही मुभा नियमावलीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, नंतर कोणी लिहू देत नाही. मसुदा झाला की पाठवा, मी बघून देतो. आणि क्वेख कातायला देताना दोन नावं मावतील एवढी कडा रुंद ठेवायला सांगा. आमच्या पहिल्या क्वेखवर दुसरं नाव तळाशी कोरावं लागलं होतं.